१९६९ : राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि महाराष्ट्राची मते

१९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पंधरा उमेदवार होते. निकालाचा तक्ता पाहणाऱ्याची नजर सहसा पहिल्या दोन नावांवरच थांबते. आम्हां सोलापूरकरांनी ती थोडी खाली न्यावी. सहाव्या ओळीत ‘राजभोज पांडुरंग नाथुजी’ असे नाव आहे आणि त्यापुढे मते ८३१. हे पां. ना. राजभोज म्हणजे सोलापूरचे पहिल्या लोकसभेतील एक खासदार. १९५२ साली सोलापूर हा द्विसदस्य मतदारसंघ होता. तेथून शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे राजभोज निवडून आले. दोघेही काँग्रेसविरोधी. त्याच निवडणुकीत खुद्द डॉ. आंबेडकर मुंबईत पराभूत झाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे सोलापूरच्या त्या कौलाचे वेगळेपण कळते. राजभोज पुढे फेडरेशनपासून दूर गेले आणि १९५७ ते १९६२ या काळात राज्यसभेत होते.

तक्त्यात राजभोजांच्या वर, तिसऱ्या ओळीत, आणखी एक मराठी नाव आहे : चिंतामणराव देशमुख. पहिल्या पसंतीची मते १,१२,७६९. त्यांच्या वर नीलम संजीव रेड्डी, ३,१३,५४८. आणि सर्वांत वर व्ही. व्ही. गिरी, ४,०१,५१५. या निवडणुकीची कथा इंदिरा गांधी विरुद्ध ‘सिंडिकेट’ अशीच सांगितली जाते आणि ती तशी खरीही आहे. आम्हांला येथे एक धाकटा प्रश्न विचारायचा आहे. रिंगणात चिंतामणराव देशमुख असताना महाराष्ट्राने मते कोणाला दिली?

राष्ट्रपती जनता थेट निवडत नाही. खासदार आणि आमदार निवडतात, आणि प्रत्येक मताला मूल्य असते. त्या वेळी खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. आमदाराचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाखांहून थोडी अधिक होती आणि त्यांतील शंभरांपैकी सुमारे बहात्तर माणसे खेड्यांत राहत होती. विधानसभेच्या जागा २७०. म्हणजे एका आमदाराच्या मताचे मूल्य १४६ आणि साऱ्या विधानसभेचे ३९,४२०. (राजभोजांच्या ८३१ ला १४६ ने पूर्ण भाग जात नाही, तेव्हा त्यांची सगळीच मते काही मुंबईच्या विधानभवनातून आलेली नव्हती. एवढे निश्चित म्हणता येते.)

आता देशमुखांकडे पाहू. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, कुलाब्याचे खासदार, नेहरूंचे अर्थमंत्री. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय झाला तेव्हा १९५६ च्या जुलैत त्यांनी मंत्रिपद सोडले. महाराष्ट्राच्या स्मृतीत त्यांचे जे स्थान आहे ते मुख्यतः या राजीनाम्यामुळे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ते ‘मेघदूता’चे मराठी अनुवादक म्हणून ठाऊक असतील, निदान असावेत. या माणसाला राष्ट्रपतिपदाची उमेदवारी मिळाली ती मात्र जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर. १९६७ च्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेत जनसंघाचे आमदार आले होते चार. स्वतंत्र पक्षाचा एकही नव्हता. चारांचे मूल्य ५८४, म्हणजे एका खासदाराच्या मतापेक्षा आठ अधिक! मराठी अस्मितेच्या नावाने तीन वर्षांपूर्वी निघालेल्या शिवसेनेचा तर अद्याप एकही आमदार नव्हता. तेव्हा देशमुखांच्या सव्वा लाखाच्या आसपास पोहोचलेल्या आकड्यात त्यांच्या स्वतःच्या प्रांताचा वाटा फार असणे शक्य नव्हते. तो आकडा, पक्षांची बलस्थाने पाहता, उत्तरेकडून, गुजरात-राजस्थानातून आणि ओरिसातून आलेला असला पाहिजे.

विधानसभेत काँग्रेसच्या जागा २०३ होत्या. त्यांचे मूल्य २९,६३८. या मतांचा कल बंगळूरला, जुलै १९६९ मध्येच, ठरून गेला होता असे म्हणावे लागेल. तेथे काँग्रेस संसदीय मंडळात इंदिराजींनी जगजीवनराम यांचे नाव सुचविले. यशवंतराव चव्हाणांनी मत दिले ते रेड्डींना. त्याच बाजूला स. का. पाटील होते! मुंबईच्या प्रश्नावर महाराष्ट्राने ज्या पाटलांना खलनायक ठरविले ते आणि ज्यांच्या हाती मुंबईसह महाराष्ट्राचा मंगल कलश आला ते, असे दोघे एका उमेदवारामागे. मुंबईसाठी खुर्ची सोडणारा गृहस्थ मात्र समोरच्या रांगेत एकटा. नाटककाराने असा प्रवेश रचला असता तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

पुढचा घटनाक्रम परिचित आहे. १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, गिरी अपक्ष उभे राहिले, पंतप्रधानांनी सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन केले, आणि १६ ऑगस्टला मतदान झाले. महाराष्ट्राच्या काँग्रेस आमदारांनी, बहुसंख्येने, अधिकृत उमेदवाराला म्हणजे रेड्डींना मते दिली. सोलापूर जिल्ह्यातील आमदारांनी काय केले हे सांगण्याची सोय नाही. मतदान गुप्त असते आणि मोजणी राज्यवार होते, जिल्हावार नव्हे. सांगोल्याहून तेव्हा शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख निवडून आलेले होते, तेव्हा जिल्ह्याचा सूर एकच असणार नाही, इतके म्हणता येते.

वैध मते ८,३६,३३७. जिंकण्यासाठी हवी होती ४,१८,१६९. पहिल्या मोजणीत गिरी १६,६५४ नी कमी पडले. मग खालच्या उमेदवारांची दुसरी पसंती मोजली गेली. राजभोजांची ८३१ मतेही तेव्हाच बाजूला झाली. अखेर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. रेड्डींना दुसऱ्या पसंतीने ९१,८७९ मते मिळाली, गिरींना अवघी १८,५६२. म्हणजे देशमुखांच्या मतदारांनी दुसरी पसंती मुख्यतः रेड्डींनाच दिली. पण ती पुरली नाही. अंतर १४,६५० चे. महाराष्ट्राच्या आमदारांत मोजायचे तर, गिरींकडचे एकावन्न आमदार रेड्डींकडे वळते तर निकाल फिरला असता. विधानसभेत विरोधी बाकांवर सदुसष्ट जण होते.

त्यानंतर तीन महिन्यांनी, नोव्हेंबरात, काँग्रेस फुटली. चव्हाण इंदिरा गांधींबरोबर गेले, आणि महाराष्ट्र काँग्रेसही जवळजवळ सबंध त्यांच्यामागे गेली. ऑगस्टात ज्या हातांनी रेड्डींच्या नावापुढे १ चा आकडा लिहिला तेच हात नोव्हेंबरात दुसऱ्या छावणीत वर झाले. याला कोणी संधिसाधूपणा म्हणेल. आमच्या मते त्यात एक सातत्य होते : दोन्ही वेळा मत पडले ते चव्हाणांबरोबर. साखर कारखाने, जिल्हा परिषदा आणि सहकारी बँका यांच्या जाळ्यातून वर आलेल्या ग्रामीण आमदाराला सदसद्विवेकाचे आवाहन मुंबई-दिल्लीच्या वृत्तपत्रांइतके जवळचे वाटले नसावे. ‘मराठी माणूस राष्ट्रपती व्हावा’ ही हाक तर त्याच्या कानी कोणी घातलीच नाही. बारा वर्षांपूर्वी, १९५७ साली, पश्चिम महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्र समितीला भरभरून मते दिली होती, ती भाषेच्या नावाने. राज्य मिळाले आणि ती हाक मतपेटीपुरती थांबली.

ती पुन्हा ऐकू आली ती २००७ मध्ये. प्रतिभाताई पाटील उभ्या होत्या तेव्हा शिवसेनेने आपल्या आघाडीचा पाठिंबा असलेल्या भैरोंसिंह शेखावतांना सोडून ‘मराठी’ म्हणून त्यांना मते दिली. त्याआधी २००२ साली आमच्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे याच शेखावतांविरुद्ध उपराष्ट्रपतिपदासाठी लढले आणि ४५४ विरुद्ध ३०५ असे हरले. पण त्या निवडणुकीत फक्त खासदार मत देतात, विधानसभेला तेथे स्थानच नाही.

चिंतामणरावांवर मराठीत लिहिले जाते तेव्हा १९५६ वर पाने खर्ची पडतात आणि १९६९ एका वाक्यात उरकले जाते. त्यागाच्या कथेला हा उत्तरार्ध सोयीचा नसतो. राजभोजांच्या वाट्याला तर ते एक वाक्यही येत नाही. १९६९ पर्यंत एक सूचक आणि एक अनुमोदक मिळाला की राष्ट्रपतिपदासाठी उभे राहता येत असे. १९७४ साली कायदा बदलला. दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजारांची अनामत आली. त्या वर्षीच्या मतपत्रिकेवर दोनच नावे होती.