वऱ्हाडातील मेंढ्यांचे वेत आणि कापसाची वेचणी

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासाचे लेखन आजवर बहुतांशी कापसाच्या अनुषंगाने झाले आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल तुटला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोहोचला. आणि पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन जगाच्या बाजारपेठेशी जोडली गेली. या स्थित्यंतरात चराऊ रानांचा संकोच झाला, हे विधान अभ्यासकांना नवे नाही. तथापि हा संकोच मोजताना आपण एकरांचा हिशेब करतो, महिन्यांचा करीत नाही. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादावयाचे आहे की, कापसाने वऱ्हाडातील मेंढपाळीवर केलेला आघात समजून घ्यावयाचा असेल तर वर्षाकाठी एकूण किती रान उरले हा प्रश्न दुय्यम होय. मेंढ्या विण्याच्या सहा-आठ आठवड्यांत कोणते रान मोकळे होते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

मेंढीचा गर्भकाल सुमारे १५० दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांचा असतो. मृगाचा पाऊस पडून कोवळे गवत उगवले की उन्हाळ्यात रोडावलेल्या मेंढ्या अंग धरतात आणि माजावर येतात. ज्येष्ठ-आषाढात गाभण राहिलेली मेंढी कार्तिक-मार्गशीर्षात विते. माघ-फाल्गुनात एक दुसरे, तुलनेने लहान वेत होते. परंतु मुख्य हंगाम दिवाळीच्या पुढेमागे सुरू होणारा हाच होय. हे वेळापत्रक मेंढपाळाने ठरविलेले नसते. ते पावसाने ठरविलेले असते, आणि पाऊस व गर्भकाल या दोन्ही गोष्टी मनुष्याच्या इच्छेने हलत नाहीत. शिवाय दख्खनी जातीची मेंढी सामान्यतः एका वेळी एकच कोकरू देते. ते दगावले तर त्या वेतापुरती तिची सारी कमाई बुडाली असेच समजावयाचे.

या आठवड्यांत कळपाची गती मंदावते. नुकते जन्मलेले कोकरू दोन-तीन किलोंचे असते. पहिल्या काही तासांत त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे, आणि आईने त्याला वासावरून ओळखले पाहिजे. पहिलटकर मेंढी कोकराला पाजू देत नसेल तर तिला धरून ठेवून पाजवावे लागते. कोकरे पहिले काही दिवस कळपाबरोबर चालू शकत नाहीत. ती वाड्यावरच डालग्याखाली अथवा वाघरीच्या आडोशाला ठेवली जातात, आणि त्यांची राखण बहुधा घरच्या स्त्रिया व मुले करितात. सकाळी पाजून चरावयास गेलेल्या मेंढ्या संध्याकाळी पाजण्यासाठी परत आल्याच पाहिजेत. परिणामी जो कळप एरवी दिवसाला कित्येक कोस चालतो, तो या काळात वाड्याभोवतीच्या लहानशा वर्तुळात बांधला जातो. त्याच वेळी पाजणाऱ्या मेंढीची चाऱ्याची व पाण्याची गरज वाढलेली असते. गरज सर्वांत अधिक आणि हालचाल सर्वांत कमी, अशी ही अवस्था होय. लांडग्याचे, अवकाळी पावसाचे व थंडीचे भय याच वेळी अधिक असते, हे वेगळे सांगावयास नको.

आता ही गरज वऱ्हाडच्या भूगोलावर मांडून पाहू. उत्तरेस गाविलगडाचे डोंगर, दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेचा बालाघाट, आणि या दोहोंच्या मध्ये पूर्णेचे सपाट खोरे म्हणजे पायनघाट, अशी या प्रदेशाची रचना आहे. पावसाळ्यात पायनघाटाच्या काळ्या चिखलात मेंढीचा निभाव लागत नाही. तिचे खूर सडतात. म्हणून पावसाळ्याचे चार महिने कळप पातूर, बार्शीटाकळी या बाजूच्या मुरमाड टेकड्यांवर, सातपुड्याच्या पायथ्याशी, किंवा अमरावतीच्या पूर्वेस असलेल्या पोहऱ्याच्या डोंगराळ पट्ट्यात काढणे श्रेयस्कर ठरते. दक्षिणेच्या डोंगरपट्ट्याशी मेंढपाळ समाजाचा संबंध जुना आहे. ‘ऐन-ई-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात वाशीमच्या परिसरातील हटकर लोकांचा, त्यांच्या स्वारांचा व पायदळाचा उल्लेख येतो, आणि पुढे १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रसेल व हिरालाल यांच्या ग्रंथात हे हटकर मूळचे धनगरच होत, असे मत दिलेले आहे.

पावसाळा सरल्यावर काय होत असे? खरिपाची ज्वारी कार्तिक-मार्गशीर्षात कापली जाते. कणसे खळ्यावर आणि कडबा गंजीत गेला की शेत मोकळे होते, आणि त्यातील धसकटे, बांधावरचे गवत, वेलींचे अवशेष ही मेंढ्यांची चरण होते. टेकडीवरून उतरलेला कळप या मोकळ्या ज्वारीच्या शेतात येण्याची वेळ आणि मेंढ्या विण्याची वेळ एकच पडते. ज्या गावात ज्वारीचे व पडिताचे प्रमाण मोठे, त्या गावात नवजात कोकरांचा वाडा शिवारातच बसू शकत होता. रात्री कळप शेतात बसवावा, लेंडीमुताचे खत शेतकऱ्यास मिळावे आणि मेंढपाळास धान्य मिळावे, हा व्यवहार या जुळणीवरच उभा होता.

कापसाचे कालमान मात्र निराळे आहे. पेरणी मृगात ज्वारीबरोबरच होते; परंतु वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन टप्प्याटप्प्याने माघापर्यंत, कधी त्यापुढेही चालते. कपाशीच्या ओळींत तुरीचे तास घालण्याची वऱ्हाडी पद्धत लक्षात घेतली तर शेत आणखी उशिरा मोकळे होते. उलंगवाडी झाल्यावरच पऱ्हाटीत जनावर घालण्यास शेतकरी राजी होतो. म्हणजे ज्या कार्तिक-मार्गशीर्षात ज्वारीचे शेत मेंढीस उघडते, त्याच महिन्यांत कापसाचे शेत तिला सर्वांत कडेकोट बंद असते, कारण फुटलेल्या बोंडात शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न उभे असते. एक एकर ज्वारी जाऊन एक एकर कापूस आला, तर वार्षिक ताळेबंदात चराईचे फारसे नुकसान दिसणार नाही, कारण दोन्ही शेते उन्हाळ्यात मोकळीच असतात. वेताच्या हंगामापुरते पाहिले तर मात्र तो एकर पूर्णपणे गेलेला असतो.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यानंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे रयतवारी मोजणी झाली आणि पडीत क्रमांक झपाट्याने खातेदारांच्या नावे चढले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैदानी मुलखात लागवडीयोग्य पडीत जमीन फारशी शिल्लक राहिली नव्हती. डोंगराकडे वळावे तर तेथे जंगल खात्याची व्यवस्था उभी राहिली होती. वऱ्हाडच्या सरकारी जंगलांचे तीन वर्ग करण्यात आले: इमारती लाकूड व सरपण यांसाठी राखलेले, गवतासाठी राखलेले रमणे, आणि चराईची राने. यांपैकी रमण्यांचा विचार येथे विशेष महत्त्वाचा आहे. रमण्यातील गवत पावसाळ्यानंतर पक्व होऊन कापले जाते. म्हणजे नेमके वेताच्या हंगामातच तेथे कळपास मज्जाव असणे क्रमप्राप्त होते. शिवाय वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने कोवळी रोपे खाणाऱ्या शेळ्या-मेंढ्या गाईबैलांपेक्षा अधिक संशयास्पद होत्या. अशा रीतीने खाली वेचणी आणि वर राखण, या दोहोंच्या मध्ये कार्तिकातील वाडा अडकला. धुरे, नाल्यांचे काठ, गावठाणालगतची गायराने आणि तिसऱ्या वर्गाची उजाड चराई राने एवढेच त्याच्या वाट्यास आले.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या कायद्याने नियमबद्ध झालेल्या कोंडवाड्याचा अर्थही या संदर्भात बदलतो. एरवी कोंडवाडा म्हणजे दंड. विण्याच्या हंगामात एक रात्र अडकलेली ओली मेंढी म्हणजे वाड्यावर उपाशी राहिलेले कोकरू. दंडाची रक्कम तीच असली तरी नुकसान तेच नसते.

येथे एक आक्षेप संभवतो. कापसाने मेंढपाळाचे केवळ नुकसानच केले काय? तसे म्हणता येणार नाही. कापसाचे पीक जमीन खाते. सतत कापूस घेणाऱ्या शेतकऱ्यास खताची निकड असते, आणि माघानंतर मोकळ्या झालेल्या शेतात मेंढ्या बसविण्यास त्याचीच मागणी असते. पऱ्हाटीचा पाला, बाभुळबनातील शेंगा आणि शेतात बसण्याचे मोल यांवर फाल्गुन ते वैशाखाचे दिवस निघतात. माघ-फाल्गुनातील लहान वेतास तर उलंगवाडीनंतरचे शेत उपकारकच ठरते. तेव्हा शेतकरी व मेंढपाळ यांच्यात कायमचे वैर होते, किंवा कायमचे सख्य होते, ही दोन्ही चित्रे अपुरी आहेत. वर्षातील काही महिने त्यांना एकमेकांची गरज असे, आणि दिवाळीनंतरचे दोन महिने ते एकमेकांच्या वाटेत उभे असत. दुर्दैवाने मेंढपाळाचे भवितव्य त्या दोन महिन्यांतच ठरत होते.

या संघर्षाची जाणीव धनगरांच्या परंपरेतही आढळते. रसेल व हिरालाल यांनी नोंदविलेल्या कथेप्रमाणे पहिल्या शेळ्या-मेंढ्या वारुळातून बाहेर आल्या आणि पिकांची नासाडी करू लागल्या. ती थांबविण्यासाठी महादेवाने धनगर निर्माण केला. म्हणून धनगर वारुळास पूज्य मानितात व दिवाळीच्या दिवशी त्याची पूजा करितात. या कथेत मेंढपाळ हा प्रथमतः पिकाचा रक्षक आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. आणि ही पूजा दिवाळीस, म्हणजे पीक उभे असताना व वेत तोंडावर आले असताना व्हावी, यात मला कराराच्या वार्षिक स्मरणाचा अर्थ दिसतो. हा तर्क आहे. परंतु कृषिकालमानाशी तो सुसंगत आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात प्रश्नाचे स्वरूप पालटले, पण त्याचा सांधा तोच राहिला. १९७३-७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाला आणि उत्तरेकडील डोंगराचा मोठा भाग संरक्षणाच्या नव्या कारणाने चराईस मिटला. १९७८ मध्ये राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच्या प्रक्षेत्रांपैकी एक पोहरा येथे आहे. २०१७ च्या महामेष योजनेत २० मेंढ्या व १ मेंढा असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद झाली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीतील जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणण्यात यश मिळविले. हे सर्व उपक्रम स्तुत्य आहेत. परंतु जुळी कोकरे देणाऱ्या मेंढीस विल्यानंतर अधिक चारा लागतो, आणि वीस मेंढ्यांचा लहान गट झाला तरी कार्तिकात त्यास कोठेतरी थांबावेच लागते. मेंढी देणे सोपे आहे; तिच्या वेताचे रान देणे कठीण आहे.

वऱ्हाडच्या महसुली भाषेत ‘ई-क्लास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावोगावच्या चराऊ जमिनी अतिक्रमणांनी घटत आहेत, आणि पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारट असल्याने पाजत्या मेंढ्यांस तेथे थांबणे अवघड आहे. उलटपक्षी, गेल्या काही दशकांत पसरलेले सोयाबीन आश्विनातच निघते. जेथे त्यामागून हरभरा पेरला जात नाही, तेथे दिवाळीपूर्वीच शेत मोकळे होते. म्हणजे पिकाच्या बदलाने हिरावलेले आठवडे दुसऱ्या पिकाच्या बदलाने काही अंशी परतही येऊ शकतात. एकूण चराऊ क्षेत्राच्या आकड्यांवरून हा फरक कधीच कळणार नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. त्यातील ‘हंगामी’ हा शब्द इतिहासाच्या अभ्यासकाने गांभीर्याने घेतला पाहिजे. कोणत्या गावी, कोणत्या रानात, कोणत्या महिन्यांत कळप थांबत असे, ही वहिवाट वृद्ध मेंढपाळांच्या व शेतकऱ्यांच्या स्मरणातून गावनिहाय लिहून काढणे आणि ती पीकपाहणीच्या नोंदींशी ताडून पाहणे, हे काम अमरावती व अकोला जिल्ह्यांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगे आहे. ते झाल्यास वऱ्हाडच्या कापसाच्या इतिहासात आजवर न मोजलेले एक मूल्य उमगेल, आणि वर्षभराच्या शंभर एकरांपेक्षा कार्तिकातील दहा एकर कधी कधी अधिक मोलाचे का ठरतात, याचा उलगडा होईल.