राणीची बाग आणि गिरणीचा रविवार

मुंबईचा इतिहास लिहिणारे लोक भायखळ्याच्या राणीच्या बागेला एखादे पान देतात. त्या पानावर उद्घाटन करणाऱ्या बाईसाहेबांचे नाव असते, देणगीदार शेठ-सावकारांची नावे असतात, कुठला पुतळा कुठून आणला याची हकिकत असते. परंतु ही बाग पाहायला सर्वसाधारण माणूस केव्हा आला, आणि तिथे यायला त्याला वेळ कोणी मिळवून दिला, हा प्रश्न त्या पानावर सहसा येत नाही. बाग सर्वांसाठी खुली होती, एवढे लिहिले की इतिहासकाराचे काम संपते. आपल्यासारख्यांचे काम तिथूनच सुरू होते. कारण 'सर्वांसाठी खुले' या शब्दांचा खरा अर्थ काय असतो, हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

आधी बागेची कुळकथा थोडक्यात सांगतो. १८३० च्या दशकात अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेला सरकारने शिवडीला जमीन दिली आणि तिथे वनस्पती उद्यान उभे राहिले. पुढे ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली. त्याआधीच बाग माझगावच्या माउंट इस्टेटवर हलवण्यात आली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रिअर यांनी तिचे उद्घाटन केले. राणी व्हिक्टोरियाचे नाव बागेला मिळाले. लोकांनी त्या नावातला व्हिक्टोरिया टाकून दिला आणि राणी तेवढी ठेवली. १८७२ मध्ये बागेच्या आवारात वस्तुसंग्रहालय उघडले. त्याला पुढे १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेच्या ताब्यात आली. स्वातंत्र्यानंतर ती 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' झाली. परळ-लालबागच्या माणसाच्या तोंडी मात्र आजही राणीची बागच आहे.

१८६२ हे साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. गुलामांच्या मजुरीवर पिकणारा तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर लोटला. या काळात शहरात जे दगडी वैभव उभे राहिले त्याच्या पायात हा कापूस आहे. बागेत डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे, तोही याच तेजीच्या वर्षांतला. तिकडे माणसे गुलामगिरीविरुद्ध मरत होती आणि इकडे त्या युद्धामुळे वाढलेल्या भावावर शहर नटत होते. त्या युद्धाकडे निराळ्या नजरेने पाहणारा एकच माणूस महाराष्ट्रात होता. महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ते १८७३ मध्ये. त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि त्याच वर्षी राणीची बाग सोसायटीच्या हातून सार्वजनिक मालकीत आली. या गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता. तो सतरा वर्षांनी जुळून आला.

कसा, ते पाहू. बाग सार्वजनिक झाली. परंतु तिच्या आसपास वाढत चाललेल्या गिरण्यांमध्ये काम करणारा माणूस बागेत येणार कधी? गिरणीचे काम सूर्योदयाला सुरू व्हायचे आणि सूर्यास्ताला थांबायचे. साप्ताहिक सुटीची खात्री नव्हती. १८८१ चा फॅक्टरी कायदा मुख्यतः लहान मुलांपुरता होता. मोठ्या माणसाने किती तास राबावे याबद्दल तो गप्प होता. सकाळी अंधारात घर सोडणाऱ्या आणि रात्री अंधारात परतणाऱ्या माणसाला झाडाचा हिरवा रंग दिसणार तरी केव्हा?

नारायण मेघाजी लोखंडे यांनी हा प्रश्न हाती घेतला. ते सत्यशोधक, जोतीरावांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या नावाने अर्ज तयार झाला. त्यातली पहिली मागणी होती रविवारच्या सुटीची. दुपारी अर्धा तास विसावा, हीही एक मागणी होती. अर्ध्या तासासाठी माणसांना अर्ज करावा लागत होता, हे आज वाचताना मन सुन्न होते. मालकांनी दाद दिली नाही. लढा चालू राहिला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

आता योगायोग पाहा. त्याच १८९० मध्ये राणीच्या बागेला आणखी १५ एकर जमीन जोडून प्राणिसंग्रहालयाचा विस्तार झाला. एका बाजूला वाघ-सिंहांसाठी जागा झाली आणि दुसऱ्या बाजूला ते पाहायला येणाऱ्या माणसांसाठी दिवस मोकळा झाला. म्हणून मी म्हणतो, कागदावर बाग १८६२ ची असेल, पण गिरणगावाची बाग १८९० ची आहे. लेडी फ्रिअर यांनी दार उघडले, त्या दारातून आत जाण्याचा दिवस लोखंड्यांनी मिळवला. माळी समाजात जन्मलेल्या या माणसाचे नाव त्या बागेच्या इतिहासात एका कोपऱ्यात तरी यायला हवे होते.

रविवारचे महत्त्व आपल्या माणसांना अधिक होते, त्याला कारण आहे. गिरणीतही जात होतीच. विणकर खात्यात पगार जास्त. परंतु तिथे सूत तुटले की ते तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्याची दारे बंद होती. सवर्ण कामगाराला उष्ट्या सुताचा विटाळ होत होता. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. म्हणजे यंत्राशी जात, पाण्याच्या पिंपाशी जात, आणि चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तर श्वास घ्यायला जागा नाही. अशा माणसाने पोराबाळांना घेऊन, फडक्यात भाकरी बांधून गोरखचिंचेच्या सावलीत चार घटका बसावे, यात काय मिळत होते ते ज्यांचे बालपण त्या चाळींत गेले त्यांना सांगायला नको.

ही गोरखचिंच मुळात आफ्रिकेची. समुद्रावरून आली आणि आपल्याकडे तिला गोरखनाथांचे नाव मिळाले. पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला. गुलमोहर मादागास्करचा. कैलासपतीची गंमत तर विचारूच नका. हेही झाड दक्षिण अमेरिकेचे. पण त्याच्या फुलात कोणाला तरी पिंडी आणि नागाची फणी दिसली, आणि परदेशातून आलेले झाड बघता बघता देवळाच्या अंगणात जाऊन बसले. झाडाला गावकुसाच्या आत यायला किती सोपे असते! माणसाला याच मातीत हजारो वर्षे राबूनही ते साधले नाही.

वनस्पती उद्यानात झाडावर पाटी लावतात. शास्त्रीय नाव, मराठी नाव, कुळ, मूळ देश. मराठीतल्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत कुल, प्रजाती आणि जाती हे शब्द रूढ आहेत. वडाचे कुळ कोणते, पिंपळाची जाती कोणती, असे आपण सहज बोलतो. शब्द तेच, जे चाळीत खोली भाड्याने मागताना आपल्यावर रोखले गेले. भाषांतर करणाऱ्या पंडितांच्या मनात काही वाईट नसेल; परंतु शब्दांतून विचार झिरपतो. झाडाला जात असते तशी माणसालाही निसर्गतः असते, असे त्यातून वाटू लागते. विज्ञान तर नेमके उलटे सांगते. वड आणि आंबा या वेगळ्या जाती, कारण त्यांचा संकर होत नाही. माणसाची जात पृथ्वीच्या पाठीवर एकच. माणसांतल्या जाती निसर्गाने केल्या असत्या, तर बेटीबंदीचे कडक नियम कशाला लागले असते? कुंपण घालावे लागते, याचाच अर्थ कुंपण मुळात नव्हते. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म पोटजातीतच विवाह करण्याच्या सक्तीत शोधले. पुढे १९३६ मध्ये जात म्हणजे वंशभेद हा युक्तिवादही त्यांनी खोडून काढला.

या वर्गीकरणशास्त्राच्या मुळाशी कोण आहे, हेही एकदा पाहिले पाहिजे. कोचीनचा डच गव्हर्नर हेन्‍ड्रिक व्हान ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात ७४२ वनस्पती आहेत. स्वीडनचा लिनियस, ज्याने वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ केली, त्याने या ग्रंथाचा पुष्कळ आधार घेतला. ऱ्हीडेला ही माहिती पुरवणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तीन कोंकणी ब्राह्मण होते, आणि इट्टी अच्युतन नावाचा एक वैद्य होता. हा इट्टी अच्युतन एळवा समाजाचा. माडावर चढून ताडी काढणारा, सवर्णांनी दूर ठेवलेला हा समाज. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ताडपत्रावरची पोथी होती, आणि कोणत्या झाडाचा काय गुण हे त्याला पाठ होते. २० एप्रिल १६७५ रोजी त्याने लिहून दिलेली साक्ष पहिल्या खंडात त्याच्या लिपीत छापलेली आहे. ज्ञान आमच्याकडे नव्हते, असे म्हणणाऱ्यांनी ती जरूर पाहावी. त्याच्या समाजाच्या पुढच्या पिढ्यांना वैकमच्या देवळाभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यावरून चालण्यासाठी १९२४-२५ मध्ये सत्याग्रह करावा लागला. जगातल्या वनस्पती उद्यानांतल्या पाट्यांना ज्याच्या विद्येचा हातभार लागला, त्याच्या वंशजांना रस्ता मिळत नव्हता.

मुंबईची आणखी एक बाग आपल्या इतिहासात येते. ती लहान आहे, चर्नी रोड स्टेशनसमोरची. शाळा सुटल्यावर एक विद्यार्थी तिथे एकटाच वाचत बसे. घर परळच्या चाळीतले, एका खोलीतच चूल, अंथरूण आणि अभ्यास. त्या बागेत रोज येणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्या मुलाची चौकशी केली. तो भीमराव आंबेडकर. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे सयाजीराव गायकवाडांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचा वाटा होता. त्या सभेचे अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. बोले भंडारी समाजाचे, म्हणजे कोकणातल्या माडावर चढणाऱ्या समाजाचे. एका बाकावर वाचत बसलेला मुलगा कोणाच्या नजरेस पडतो, यावर पुढे किती गोष्टी अवलंबून असतात!

दुसरी बाग बडोद्याची. १९१७ मध्ये बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. त्यांना राहायला कोणी जागा देईना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहिले, तर काठ्या घेतलेले पारशी दारात येऊन उभे राहिले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. आई-वडील आठवले, असे त्यांनी पुढे स्वतःच्या आठवणींत लिहिले आहे. जगातल्या नामांकित विद्यापीठांत शिकलेल्या त्या माणसाला त्या दिवशी अख्ख्या शहरात बसायला फक्त बाग होती. धर्मशाळेला धर्म होता. घराला जात होती. महाराजांनी १८७९ मध्ये रयतेसाठी केलेल्या त्या बागेला दोन्ही नव्हते.

आता बोल्यांकडे पुन्हा यावे लागते. सत्काराच्या त्या सभेनंतर सोळा वर्षांनी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, त्यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव संमत करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे कागदावर खुले केले, आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह त्या तळ्याचे पाणी पिऊन तो कागद खरा केला. ठरावाच्या त्या यादीत बागेचे नाव नाही. गावात बाग असतेच कुठे? गावातली लढाई पाण्यावर होती. बाग ही शहराची गोष्ट, आणि आपला माणूस शहराकडे का धावला, याचे एक उत्तर त्यात आहे.

राणीच्या बागेत आज तीन हजारांवर झाडे आहेत. २००७ नंतर तिथे आंतरराष्ट्रीय दर्जाचे प्राणिसंग्रहालय करण्याचा आराखडा पुढे आला, तेव्हा झाडांसाठी नागरिक उभे राहिले. हे चांगलेच झाले. २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून पेंग्विन आणले गेले. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, मोठ्या माणसाचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झाले, मुलाचे २५. या दरवाढीवर वर्तमानपत्रांत काही दिवस चर्चा झाली आणि मग पेंग्विनांच्या नावांवर चर्चा सुरू झाली. आई, वडील आणि दोन मुले अशा कुटुंबाला १०० रुपयांचे सवलतीचे तिकीट ठेवण्यात आले. तिसऱ्या मुलाचे तिकीट वेगळे. रविवारी भायखळ्याच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहिले की माणसे आधी पोरे मोजतात, मग खिशातल्या नोटा मोजतात.