गिरान, डोहाळे आणि वाकडा हात

२२ जानेवारी १८९८ च्या दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची सावली विदर्भावरून गेली. पुलगावला केंब्रिजचे न्यूऑल दुर्बिणी मांडून बसले होते. त्याच रेल्वेमार्गावर तळणीला इंग्लंडहून आलेली खगोलप्रेमींची तुकडी उतरली होती, तिच्यात ॲनी माँडर या बाई होत्या. त्यांच्या लहानशा कॅमेऱ्यात सूर्याच्या प्रभामंडळाचा जो लांबलचक झोत आला, तेवढा लांब तोवर कुणालाच टिपता आला नव्हता.

आमच्या घरात त्याच ग्रहणाची दुसरी गोष्ट चालत आली. वर्ध्याकडची आमची पणजी तेव्हा पोटुशी होती. तिला सकाळपासून खाटेवर सरळ निजवलं होतं. हातपाय दुमडायचे नाहीत, विळीला शिवायचं नाही, सुईत दोरा ओवायचा नाही, पाण्याचा घोटही नाही. खग्रास होतं दोनेक मिनिटांचं, तिचा दिवस गेला. मूल धडधाकट झालं, आणि ग्रहण पाळल्याचा पुरावा घराला कायमचा मिळाला.

मी डॉक्टर नव्हे, प्लास्टर टेक्निशियन. नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात, हाडांच्या विभागात, नोकरी संपेपर्यंत पट्ट्या भिजवल्या. आमच्याकडे गडचिरोलीपासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतची माणसं येत. वाकड्या पायांची बाळं पुष्कळ, ती सरळही होत. कधीतरीच एखादं बाळ यायचं ज्याचा पंजा अंगठ्याच्या बाजूला काटकोनात वळलेला, हॉकीची काठी असते तसा. एक्स-रे लावला की दिसायचं: कोपरापासून मनगटापर्यंत जी दोन हाडं हवीत, त्यातलं अंगठ्याकडचं रेडियस नाहीच. दुसरं, अल्ना, आखूड आणि धनुकलीसारखं वाकलेलं. अंगठा बहुधा नसतोच, असला तर लोंबता. डॉक्टर याला रेडियल क्लब हँड म्हणतात. तीस हजार ते एक लाख जन्मांत असा एक.

एक्स-रे खाली ठेवायच्या आत बाळाची आजी बोलायची, "गिरानात काही चिरलं असन जी हिनं." गिरान म्हणजे ग्रहण. सून मान खाली घालायची. हे वाक्य मी मराठीत, हिंदीत, गोंडी बोलणाऱ्या घरातल्या मोडक्या मराठीतही ऐकलं आहे.

पुढे एका आयुर्वेदाच्या प्राध्यापकांनी मला सुश्रुतसंहितेतलं शारीरस्थान समजावून सांगितलं. त्यात डोहाळ्यांचा भाग आहे. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय प्रकट होतं, बाई दोन हृदयांची होते, आणि तिची इच्छा मोडली तर मूल कुबडं, लंगडं, ठेंगणं, डोळ्यांनी अधू किंवा हाताने वाकडं होतं, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे दोष लागला तर तो तिची हौस न पुरवणाऱ्या घराला! त्याच ग्रंथात वाताचा प्रकोप, आईबापांची नास्तिकता आणि मागच्या जन्मीची कर्मंही कारणं म्हणून येतात. तिथेही आईबाप दोघं. डोहाळजेवणाच्या पाटावर बसवून हिरवी साडी नेसवायची चाल आपण आजही हौसेने करतो. पण हात वाकडा निघाला की डोहाळ्यांची आठवण कुणाला होत नाही, विळीची होते. सोयीचं तेवढं परंपरेतून उचलायचं, यात आपण पटाईत.

युरोप फार पुढे होता असंही नाही. सोळाव्या शतकात आंब्रवाझ पारे हा फ्रान्सचा नामांकित शल्यवैद्यसुद्धा अशा जन्मांची कारणं सांगताना देवाचा कोप आणि आईच्या मनातली कल्पना मोजतो. १७३३ मध्ये झाँ-लुई पेती याने दोन्ही हात असे असलेल्या एका मेलेल्या नवजात बाळाचं विच्छेदन केलं आणि हाड नाही हे लिहून ठेवलं. एक्स-रे यायला अजून दीडशेहून जास्त वर्षं होती, त्यामुळे आत काय नाही ते मेल्यावरच कळे.

हाताचं वेळापत्रक मात्र पक्कं कळलं ते फार मोठी किंमत देऊन. १ ऑक्टोबर १९५७ ला जर्मनीत थॅलिडोमाइडची झोपेची गोळी बाजारात आली. गरोदर बायका मळमळीवरही ती घेऊ लागल्या, आणि हातापायांची हाडं नसलेली बाळं जन्मू लागली. जगभरात सुमारे दहा हजार. हॅम्बुर्गच्या विडुकिंट लेन्त्झ यांनी घरोघरी जाऊन आयांना एकच विचारलं: गोळी कोणत्या तारखेला घेतली? नोव्हेंबर १९६१ मध्ये गोळी बंद झाली. त्या तारखांमधून दिसलं की धोका गर्भ राहिल्यापासून साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसापर्यंतच होता. आठवा आठवडा सरेपर्यंत हात पुरा घडलेला असतो. चोर ओटी तिसऱ्या महिन्यात, डोहाळे चौथ्यात, म्हणजे तोवर हात घडून गेलेला.

२४ ऑक्टोबर १९९५ ला, ऐन दिवाळीत, ग्रहण होतं. पुढच्या एप्रिलअखेरीस जन्मलेलं एक बाळ आमच्याकडे आलं, तेव्हा मी गेल्या वर्षीच्या कालनिर्णयाची पानं उलटत त्याच्या आजीला हिशोब करून दाखवला. ऑगस्टच्या सुरुवातीला गर्भ राहिला, सप्टेंबर संपेपर्यंत हात झाला तसा झाला, ग्रहण त्यानंतर तीन आठवड्यांनी. आजीने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तं माहेरी गेलती तवा काही केलं असन."

हात सरळ करायची खटपट जुनी आहे. १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या सेअर यांनी अल्नाचं टोक घासून ते मनगटाच्या मधोमध बसवलं. आजच्या शस्त्रक्रियेचं मूळ तेच. थॅलिडोमाइडच्या मुलांवर काम करताना हॅम्बुर्गच्याच बुक-ग्रामको यांनी तर्जनीचा अंगठा करण्याची रीत घासूनपुसून नीट केली. आपल्याकडे मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींची 'जेस' आली, म्हणजे बारीक तारा आणि हलक्या दांड्यांची चौकट. स्क्रू रोज थोडाथोडा फिरवून आखडलेली कातडी-स्नायू आधी ताणायचे, मग चिरायचं. हे स्क्रू घरी आयाच फिरवत. शिकलेल्या-न शिकलेल्या, एकीचाही हात थरथरलेला मी पाहिला नाही. चौकट नसेल तेव्हा दर आठवड्याला माझं प्लास्टर, तेही जन्मानंतर जितक्या लवकर येतील तितकं बरं.

सरळ केलेला हात वाढत्या वयात पुन्हा वाकतो, हे डॉक्टर आधीच सांगतात. आणि कोपर आखडलेलं असेल तर ते मनगटाला हातच लावत नाहीत. त्याचं कारण मला एका प्रौढ शेतकऱ्याने दाखवलं. दोन्ही पंजे वळलेले, कोपरं ताठ. त्या वळणामुळेच त्याचा घास तोंडापर्यंत पोचत होता. सरळ केला असता तर तो उपाशी राहिला असता.

यातल्या बऱ्याच बाळांचं कारण सापडत नाही. काहींत हाताबरोबर हृदयात दोष असतो, काहींत रक्तात, म्हणून शस्त्रक्रियेआधी इको आणि रक्ततपासणी. स्विस डॉक्टर फॅन्कोनी यांनी १९२७ मध्ये वर्णन केलेला रक्ताचा आजार त्यातलाच. रेडियस नाही पण अंगठा शाबूत, असं दिसलं की आमचे सर लगेच प्लेटलेट मोजायला सांगत.

अलीकडे सुशिक्षित घरांतून गिरानाचं नाव निघत नाही. तिथे विचारतात, "सोनोग्राफी वेळेवर केली नव्हती का हिने?" प्रश्न अजून बाईलाच. बापाकडे वळून कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही, आणि फॅन्कोनीच्या आजारात सदोष जनुक बहुतेक वेळा दोघांकडूनही यावं लागतं.