पायमोज्यांचा हिशेब

या वसंत व्याख्यानमालेचे बोलावणे आले तेव्हा आम्ही गिरणी कामगारांच्या लढ्यांवर बोलू, अशी चालकांची समजूत असावी. आम्ही विषय कळवला तो हाताने विणलेल्या पायमोज्यांचा आणि हातमोज्यांचा. चिटणीसांना वाटले, कार्डावर काही चूक झाली. ऐन वैशाखात, अचलपुरात, लोकरीवर व्याख्यान! त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग सभ्यपणे गप्प बसले. श्रोत्यांनीही तेवढाच सभ्यपणा दाखवावा, ही विनंती.

विषय आमच्या धंद्याबाहेरचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. गेली तीस वर्षे आम्ही ताग्याची, पाळीची, रात्रपाळीच्या भत्त्याची मजुरी मागत आलो. विणण्याच्या कामाला दाम किती, हाच आमचा जन्माचा प्रश्न. पण आपल्या घराघरांत एक विणकाम असे चालत आले आहे की त्याची मजुरी कोणी मागत नाही, आणि देऊ केली तर राग येतो. त्याच्याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले.

प्रथम शब्दाचा घोळ दूर करू. मराठीत 'विणणे' हे एकच क्रियापद आपण सगळीकडे चालवतो. बाज विणतात, जाळे विणतात, अकोटची सतरंजी विणतात आणि बाळाचे मोजेही विणतात. वस्तुतः ही कामे निरनिराळी आहेत. मागावर उभा धागा आणि आडवा धागा असे दोन हवेत, म्हणजे आपला ताणाबाणा. सुयांच्या विणकामात धागा एकच. त्याचा फास सुईवर घ्यायचा आणि त्या फासातून पुढचा फास ओढायचा, बस्स. म्हणून हे कापड ताणले तर ताणते आणि सोडले तर पुन्हा अंग धरते. आणि म्हणूनच एक टाका निसटला तर खालपर्यंत उसवत जाते. मागावरचे कापड घोट्याशी वळत नाही, तिथे चुण्या पडतात. सुयांवरच्या मोज्याला मात्र टाच वळवता येते. चार सुयांवर गोल विणत आलेली बाई टाचेपाशी थांबते, अर्धेच टाके पुढेमागे विणत कडेचे टाके एकेक करून आत घेते आणि सरळ नळीला बघता बघता कोपरा फुटतो. ज्याने कोणी ही युक्ती प्रथम काढली त्याचे वा तिचे नाव इतिहासाने ठेवलेले नाही. माग शोधणाराचेही ठेवलेले नाही, तेव्हा तक्रार नाही.

आपल्या वऱ्हाडात ही विद्या जुनी नव्हे. इथे लोकर होती. धनगरांची मेंढरे होती, आणि त्या लोकरीचे घोंगडे मागावर निघून चिंचोक्याच्या खळीने कडक होत असे. ते पावसाला, थंडीला आणि अंथरायला पुरे. पायाला वहाण, थंडीला शेकोटी. मोजा घालायचा कोणी? शब्दसुद्धा आपला नाही. फारसीतला 'मोझा' म्हणजे घोडेस्वाराचा चामडी बूट. १४९० साली फत्तेउल्ला इमादुल्मुल्क स्वतंत्र झाला आणि एलिचपुरास राजधानीचा मान आला. १५७४ त ती इमादशाही बुडाली. अशा फारसी दरबारांच्या काळात हे शब्द मराठीच्या अंगवळणी पडले. राज्ये गेली, बूटही गेले आणि शब्द मागे राहून बाळाच्या पायात शिरला.

विणलेला मोजा जगात तरी कुठून आला? युरोपातील बर्फाळ मुलुखातून आला असेल, असे आपण सहज म्हणू. पण सुयांवर विणलेले जे अगदी जुने नमुने आज संग्रहालयांत आहेत, ते इजिप्तच्या वाळूत सापडले. त्यांतले पुष्कळसे निळ्या-पांढऱ्या रंगाचे, सुमारे आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे, आणि लोकरीचे नव्हेत तर सुती! कापसाच्या मुलुखात राहणाऱ्या आम्हांला हे वाचून उगीचच अभिमान वाटला.

तिथून ही विद्या युरोपात गेली आणि युरोपातून एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आली. ती दोन वाटांनी आली. एक वाट छावण्यांची. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले. परतवाड्याला हैदराबाद कंटिंजंटची छावणी, वर चिखलदऱ्याला साहेबांचे उन्हाळी बंगले. अशा ठिकाणी मडमांच्या मांडीवर लोकरीचे गोळे असायचेच. दुसरी वाट शाळांची. मिशनच्या मुलींच्या शाळांतून अक्षरांबरोबर सुईदोरा शिकवीत. बंगालात तर झनाना मिशनच्या बाया बर्लिनची रंगीत लोकर घेऊन अंतःपुरात शिरल्या आणि वाचनापेक्षा तिचेच आकर्षण कित्येक घरांत अधिक ठरले. आपल्याकडे पुण्यात १९०९ साली सेवासदन निघाले, तिथे शिवणकाम हे बाईने स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन मानले गेले. सुया शिकवणारांच्या मनात असे दोन हेतू होते: कुणाला मुलगी सुशील करायची होती, कुणाला कमावती. शिकणाऱ्या बायकांनी तिसरेच केले. त्यांनी ही विद्या बाळंतविड्यात घातली.

बाळंतविडा म्हणजे काय हे इथे सांगण्याची गरज नाही. तरी पुढच्या बाकांवर काही कॉलेजचे तरुण दिसतात, त्यांच्यासाठी सांगतो. बाळ-बाळंतिणीसाठी माहेरचे माणूस जे गाठोडे घेऊन जाते तो बाळंतविडा. झबली, टोपरी, कुंची, दुपटे हे त्यातले जुने मानकरी. लोकरीचे पायमोजे त्यात मागाहून येऊन बसले आणि असे बसले की आज ते नसले तर गाठोडे उणे वाटते. घोट्याशी जाळीची एक ओळ, तीतून ओवलेली नाडी, नाडीच्या टोकांना दोन गोंडे. हातमोज्याला बोटांची घरे नाहीत, अंगठाही नाही. नुसती पिशवी, बाळाने नखांनी तोंड ओरबाडू नये म्हणून. पौष-माघात, कापसाची वेचणी चालू असताना पहाटे जी थंडी पडते, तीत हे कामाचे खरे. पण भर चैत्रात जन्मलेल्या पोरालाही मोजे येतातच. तेव्हा नुसत्या थंडीने हा रिवाज समजत नाही.

आमची आत्या शकुंतला गाडीत विणायची. अचलपूर-मूर्तिजापूर हा अरुंद रुळांचा रस्ता. १९९४ पर्यंत त्यावर वाफेचे इंजिन होते. सुमारे शहात्तर किलोमीटरांना चार तास, कधी जास्त. आत्याचे माप ठरलेले होते: अचलपुराला टाके घातले की मूर्तिजापूर यायच्या आत एक मोजा. दुसरा परतीच्या गाडीत. लोक गाडीच्या मंद चालीला शिव्या देत. आत्याने कधी दिल्या नाहीत. ती गाडी आज चालत नाही, आत्याही नाही.

आता आमच्या अंगावरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गिरणीतले पगार थांबले आणि कामगारांच्या घरी चुली मंद झाल्या. सभांमागून सभा झाल्या. त्यांतल्या एका सभेत आम्हांला कल्पना सुचली, की इतक्या घरांतून बायकांना विणता येते, तर त्यांनी मोजे विणावेत आणि आपण ते एकत्र विकावेत. आम्हांला हिशेबाची हौस. बाळाच्या मोज्याला चाळीस टाके, पन्नास ओळी, म्हणजे दोन हजार टाके. जोडीचे चार हजार. चांगला हात मिनिटाला पंचवीस टाके टाकतो, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटे. शिवण आणि नाडी धरून तीन तास. दिवसाला तीन जोड. बाजारात नमुना घेऊन गेलो. दुकानदाराने जोडीला पंचवीस रुपये सांगितले आणि शेजारी यंत्रावर निघालेल्या मोज्यांचा ढीग दाखवला. लोकरीचे दहा वजा जाता दिवसाचे उरले पंचेचाळीस. त्या वर्षी निंदणाची मजुरी याच्या किती तरी पट होती. जो दर देणाऱ्या मालकाच्या दारात आम्ही ठाण मांडून बसलो असतो, तोच दर घेऊन आम्ही आमच्या वहिनींच्या दारात उभे होतो!

हे गणित जुने आहे, हे आम्हांला पुढे वाचनात कळले. १५८९ साली नॉटिंगहॅमशायरमधील कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली नावाच्या पाद्र्याने मोजे विणण्याचे यंत्र काढले. एलिझाबेथ राणीने त्याला सनद दिली नाही. हाताने विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल म्हणून, अशी आख्यायिका आहे. ली फ्रान्सला गेला, पण यंत्र त्याच्यामागे इंग्लंडात वाढले. दोनशे वर्षांनी त्याच मुलुखातले कामगार यंत्राच्या चौकटी मालकांकडून भाड्याने घेऊन घरी मोजे विणीत. काम नसले तरी भाडे चालूच. त्यातच मालकांनी रुंद कापड विणून, ते कापून, शिवून स्वस्त मोजे काढायला सुरुवात केली. शिवण उसवे, मोज्याची आणि गावाची दोघांची अब्रू जाई. १८११ साली कामगारांनी चौकटी फोडल्या. हेच ते लडाइट. त्यांना यंत्राचे शत्रू म्हणून पाठ्यपुस्तकांत हिणवतात; परंतु त्यांचा राग निकृष्ट मालावर आणि पडत्या मजुरीवर होता, आणि कितीतरी ठिकाणी त्यांनी नेमक्या तशाच मालकांच्या चौकटी निवडून फोडल्या. १८१२ साली सरकारने या गुन्ह्याला फाशीची शिक्षा ठेवली. कवी बायरनने उमरावांच्या सभेत आपले पहिले भाषण त्या कायद्याविरुद्ध केले.

हाताने विणणारांचे काय झाले? उत्तरेकडे शेटलंड बेटांवर बायका शाली आणि मोजे विणीत, आणि व्यापारी त्यांना पैशाऐवजी चहा आणि कापड देत. विणणाऱ्या बाईच्या घरात चहा भरपूर, पण पिठाला पैसा नाही. १८७२ साली याची सरकारी चौकशी झाली, तीत या बायकांच्या जबान्या आहेत. आणि इतके दूर तरी कशाला जावे? चरखा संघ कताईला जी मजुरी देई तिच्यावर माणूस जगत नाही, हे गांधीजींनी १९३५ साली आपल्याच माणसांना बजावले, आणि वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांनी त्या मजुरीवर जगून पाहिले. हाताच्या कामाला बाजारभाव लावला की काय उरते, ते विनोबांनी आपल्याच पोटावर मोजले.

असो. आमची योजना महिन्याभरात बारगळली. तिचा शेवट झाला तो दिवस आम्हांला लख्ख आठवतो. एका साच्यावाल्याच्या घरी आम्ही माल गोळा करायला गेलो होतो. वहिनींनी दोन जोड पुढे ठेवले. तिसरा, पिवळ्या लोकरीचा, पदराखाली.

"वहिनी, तो राहिला."

"तो नाई द्याचा, भाऊ. तो नातवाचा हाय."

"नातवाला पुढच्या आठवड्यात विणा. आज दुकानदार थांबला आहे."

"हे दोन इकाले केले, न्या. त्याले भाव कायचा लावता?"

त्या घरात त्या दिवशी तेल नव्हते, हे आम्हांला ठाऊक होते. आम्हांला राग आला. भावनेने पोट भरत नाही, असे काहीसे आम्ही बोललोही. परत येताना सायकल हातात धरून चालत आलो आणि वाटेत लक्षात आले, की संप म्हणजे तरी काय? माझे काम या दराला देणार नाही, असे म्हणण्याचा हक्क. तो बाईने आमच्याविरुद्ध बजावला होता.

घरी येऊन हे आम्ही मोठ्या समाधानाने सांगितले. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "छान. पण तीस वर्षांत तुमच्या एका तरी मागणीपत्रात आमचे काम आले का?" आले नव्हते. बाई प्रेमाने विणते असे म्हणून तिचे सारेच काम फुकटात मोजायचे, ही सोय पुरुषांनी करून घेतली आहे आणि त्यांत संघटनेचे पुरुष आले. नातवाच्या मोज्याला दर लावू नये, हे आम्हांला पटले. पण त्याच्या आडून स्वैपाक, पाणी, दुखणेबाणे सगळेच बिनदराचे ठरते, हे काही पटत नाही. या दोहोंमधली रेघ कुठे ओढावी, ते आम्हांला अजून साधलेले नाही.

एकदा तर साऱ्या देशाने ही भेट विणली. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनची लढाई पेटली. आपले जवान सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत हिमालयात उभे आहेत, हे लोकांना कळले आणि गावोगाव बायका-मुली लोकर घेऊन बसल्या. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, तेव्हा महाराष्ट्रात त्या कामाला आणखीच जोर आला. आमच्या मातोश्री तेव्हा चौदा वर्षांच्या, परतवाड्याला शाळेत. वर्गात खाकी लोकर वाटली होती. आजवर बाळाचे मोजे विणलेल्या मुलीला पहिल्यांदाच गड्याच्या पायाचे माप मिळाले. तिने वडिलांच्या पावलावर दोरी धरून ते घेतले. पहिला मोजा झाला. दुसऱ्याची टाच दोनदा बिघडली, बाईंनी दोन्ही वेळा उसवून टाकली. तिसऱ्यांदा घालायच्या आत शाळेचे पार्सल रवाना झाले. एकटा मोजा पाठवून काय उपयोग? म्हणून दोन्ही घरीच राहिले.

ती अर्धवट जोड आज आमच्याकडे आहे, कसर लागू नये म्हणून कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेली. दुसऱ्यातल्या चार सुया तशाच आहेत. मातोश्रींची नजर आता काम देत नाही. गेल्या दिवाळीत त्यांनी तो मोजा आमच्या हातात दिला आणि जवळ बसून तोंडी सांगू लागल्या. साखळी उपोषणाच्या मांडवात आम्ही विणायला शिकलो होतो, कार्यकर्त्यांच्या हसण्याकडे लक्ष न देता. पण सरळ ओळींपलीकडे आमची मजल नाही. अर्ध्या टाक्यांपर्यंत जायचे आणि वळायचे, एवढे कळते. वळलो की कडेला भोक पडते. दोनदा पडले, दोनदा मातोश्रींनी बोटांनी चाचपून उसवायला लावले. टाच वळवायची राहिली आहे.