गुंजेचं कूळ

पुण्यात सोन्या मारुती चौकातल्या कुठल्याही पेढीवर भाव विचारा, बोलणं तोळ्यातच होतं. हा तोळा दहा ग्रॅमचा. आजीच्या पाटल्या ज्या तोळ्यानं तोलल्या गेल्या, तो 11.66 ग्रॅमचा होता. 1956 साली वजनमापांचा कायदा झाला, 1958 पासून दशमान वजनं टप्प्याटप्प्यानं बाजारात उतरली, आणि लोकांनी जिभेवरचा शब्द तसाच ठेवून त्याच्या पोटातलं वजन बदलून घेतलं. तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा मात्र या बदलात पेढीवरून उठल्या. त्यातल्या सगळ्यात धाकटीचं, गुंजेचं कूळ फार जुनं आहे.

गुंज म्हणजे कुंपणावर चढणाऱ्या वेलीची बी. लालभडक, आणि टोकाशी काळा ठिपका. टरफल इतकं टणक की ओल सहजी आत शिरत नाही, त्यामुळे बीचं वजन ऋतूबरोबर फारसं हलत नाही. सगळ्या गुंजा तंतोतंत सारख्या असतात ही समजूत मात्र खरी नाही. एका शेंगेतही लहानमोठ्या निघतात, म्हणून वजनाला निवडक बियाच लागत. तोळ्याच्या 96 गुंजा धरल्या, तर एक गुंज सुमारे 121 मिलिग्रॅमची होते. ही बी फोडून पोटात गेली तर जीवघेणी ठरते. सोन्याला तोलणारी वस्तू विषारी असावी, याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलं आहे.

मनुस्मृतीत तिचं नाव कृष्णल आहे. तीन यवांची एक कृष्णल, पाच कृष्णलांचा माष, सोळा माषांचा सुवर्ण. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही पाच गुंजांचा सुवर्णमाष येतो. 1150 च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ रचली, तिच्या आरंभीच मापांची कोष्टकं आहेत. तिथे दोन यवांची गुंज आणि तीन गुंजांचा वल्ल. हा वल्ल म्हणजेच आपल्या सराफांचा वाल. 32 वालांचा तोळा, म्हणजे पुन्हा 96 गुंजाच. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. गंमत अशी, की मधल्या शतकांत मासा पाच गुंजांवरून आठ गुंजांवर गेला. वरची मापं राज्यागणिक बदलत राहिली, हिशेब मात्र गुंजेपासूनच सुरू होत राहिला.

हीच बी पश्चिम आफ्रिकेतही सोनं तोलत होती. आजच्या घाना आणि आयव्हरी कोस्टमधले आकान लोक, म्हणजे आशांती, फांटे, बाउले आणि त्यांचे भाऊबंद, शतकानुशतकं सोन्याची पूड हेच चलन वापरत. त्यामुळे व्यवहार करणाऱ्याला स्वतःचा काटा, पूड उचलायचे चमचे आणि वजनं बाळगावी लागत. अगदी बारीक तोलासाठी बिया असत, आणि त्यातली ‘दम्मा’ म्हणजे आपली गुंज. तिच्या वरची वजनं पितळेची. ती मेणाच्या साच्यानं ओतत: मेणाची आकृती करायची, तिच्यावर माती लिंपायची, भाजून मेण वाहून जाऊ द्यायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. बाराव्या शतकातल्या सोमेश्वर चालुक्याच्या ‘मानसोल्लास’त मूर्ती ओतायची हीच रीत सांगितली आहे. आकान कारागीर तर कधी मेणही वापरत नसत. खरा भुंगा, खरी शेंग मातीत लिंपून जाळत आणि त्या जागी पितळ ओतत.

आधीची वजनं पायऱ्यांची, नक्षीची, चौकोनी होती. पुढे त्यांच्यावर माणसं आणि जनावरं आली, आणि त्यांच्याबरोबर म्हणी आल्या. एका वजनावर दोन मगरी आहेत आणि त्यांचं पोट एकच. घास कुणाच्याही तोंडी पडला तरी जायचा त्याच पोटात, तरी दोघी भांडतात, कारण चव गळ्याला हवी असते. दुसऱ्यावर मान मागे वळवलेला पक्षी आहे, त्याचं नाव सांकोफा. विसरलेलं आणायला मागे फिरण्यात लाज नाही, असं तो सांगतो. व्यवहाराला बसलेल्या दोघांच्या मधल्या काट्यात पितळेची म्हण ठेवलेली असे.

आपल्याकडे हे उलट्या वाटेनं घडलं. तिकडे म्हण वजन झाली, इकडे वजनं भाषेत शिरली. आमच्या घरी लहरी माणसाबद्दल बोलताना ‘क्षणात तोळा, क्षणात मासा’ असं म्हणत, आणि तोळ्याचे किती मासे हे म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नसे. ‘शेरास सव्वाशेर’ अजून रोज भेटतो, शेर मात्र कुणी पाहिलेला नसतो. नवटाक म्हणजे नऊ टांक. बहात्तर टांकांच्या शेराचा आठवा भाग. तेलातुपाचं हे माप पुढे दारूच्या गुत्त्यात जाऊन बसलं आणि तिथेच बदनाम झालं.

मला सगळ्यात आवडतो तो पासंग. काट्याची दोन पारडी सारखी नसली, तर हलक्या बाजूला खडा किंवा धातूचा तुकडा बांधून तोल साधतात, तो पासंग. शब्द फारसीतून आला. त्याचं काम वजन करण्याचं नाही, वजन खरं ठरेल अशी सोय करण्याचं आहे. ‘तो तुझ्या पासंगालाही पुरणार नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा एखाद्याला वजनांच्या रांगेतूनच नव्हे, तर त्या बांधलेल्या खड्याच्या जागेवरूनही उठवतो. माणसाला कमी लेखायला इतकं अचूक वाक्य फक्त रोज काट्यासमोर बसणाऱ्या बाजारातच घडू शकतं.

आकानांची पूड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी नाण्यांपुढे हटली आणि ती पितळी वजनं संग्रहालयांत गेली. पण 1965 साली स्वतंत्र घानानं नवं चलन काढलं, तेव्हा सुट्या नाण्याला ‘पेसेवा’ म्हटलं. सोन्याच्या पुडीच्या सगळ्यात लहान वजनाचं हे नाव. मुख्य चलनाचं नाव ‘सेडी’, म्हणजे कवडी. मालदीवच्या समुद्रातली कवडी हिंदी महासागराच्या व्यापारातून पार तिकडे पोचली होती. त्यांनी तिला चलनाचा मान परत दिला. आपल्याकडे ती ‘कवडीमोल’ आणि ‘फुटक्या कवडी’त उरली.

गुंज आता पेढीवर नाही. तिची वेल मात्र पुण्याच्या बाजारात अजून आहे. पानपट्टीवर गुंजेचा पाला मागितला, तर तो मिळतो. विड्यात घातला की गोडवा येतो, घसा मोकळा होतो. पानवाला तो चिमटीनं घालतो.