स्वारगेटखालचे पाणी

स्वारगेटला गेट नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा कोकणच्या गाडीची वाट पाहत ज्यांनी या चौकात आयुष्यातील कित्येक तास उभ्याने घालविले, त्या आम्हां पुणेकरांना याचे नवल वाटेनासे झाले आहे. शहराच्या वेशीवर येथे घोडेस्वारांचे नाके होते आणि 'स्वार' या शब्दाला पुढे इंग्रजांचे 'गेट' येऊन चिकटले, असे जुनी मंडळी सांगत आली आहेत. चौकाला देशभक्त केशवराव जेधे यांचे नाव दिलेले आहे. परंतु बसवाहकाच्या तोंडी तो स्वारगेटच राहिला आहे. नावाच्या वादात शिरण्याचा आमचा मानस नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते या चौकातल्या गर्दीच्या पायांखालून व आजूबाजूने वाहणाऱ्या पाण्याविषयी.

मार्च २०१९ मध्ये मेट्रोच्या स्थानकासाठी येथे खोदकाम चालू असता जमिनीखाली एक जुने दगडी भुयार सापडले. 'भुयार' म्हटले की आपल्याकडे लगेच पेशव्यांचा खजिना आठवतो. त्याप्रमाणे चार दिवस शहरात बरीच कुजबुज झाली. प्रत्यक्षात ते भुयार पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेले होते. खजिना न निघाल्याने पुष्कळांचा हिरमोड झाला; पण या शहरापुरते बोलावयाचे तर पाण्याहून मोठा खजिना येथे कधी नव्हताच.

मुठा नदी जवळ असूनही पेशवाईत पेठा वाढल्या तेव्हा पिण्याचे पाणी अपुरे पडू लागले. नानासाहेब पेशव्यांनी दक्षिणेकडील डोंगराच्या पायथ्याशी कात्रज येथे तलाव बांधून घेतला. त्यास दोन बांध आहेत. वरच्या भागात गाळ बसावा आणि निवळलेले पाणी खालच्या भागात यावे, अशी ती योजना. तेथून शनिवारवाड्यापर्यंत सुमारे आठ किलोमीटर दगडचुन्याचा बंदिस्त मार्ग जमिनीखालून आणला. यालाच 'कात्रजचा नळ' म्हणतात. नळ म्हटल्यावर मनगटाएवढी नळी डोळ्यांपुढे येते. हा मात्र माणूस आतून चालत जाऊ शकेल एवढा आहे. त्याला ना पंप, ना वीज. सारी कामगिरी उताराची. मार्गात ठिकठिकाणी 'उच्छ्वास' बांधलेले आहेत. कोंडलेली हवा वर निघून जावी, तळाचा गाळ काढण्यास आत उतरता यावे, म्हणून ठेवलेली ही दगडी धुराडी. नळाचे पाणी पुढे काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठ हौद अशा हौदांत पडे आणि तेथून घागरींनी घरोघरी जाई. त्यांपैकी कित्येक हौदांची आता केवळ नावे उरली आहेत, बसथांब्यांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर.

याच नानासाहेबांनी १७४९ मध्ये पर्वतीवर देवदेवेश्वराचे मंदिर बांधले आणि टेकडीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याचे पाणी अडवून मोठे तळे केले. तळ्याच्या मध्यावरील बेटावर पुढे १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळी गणपतीची स्थापना झाली. तोच हा तळ्यातला गणपती. आज तळे नाही. त्याच्या जागी सारसबाग आहे, आणि शेजारी १९५३ मध्ये सुरू झालेली पेशवे पार्क, जेथील 'फुलराणी' नावाच्या छोट्या आगगाडीत १९५६ पासून पुण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या बसल्या. येथील प्राणिसंग्रहालय पुढे कात्रजला हलले, म्हणजे ज्या तलावातून एके काळी पाणी खाली शहरात आले, त्याच्याच काठी वाघ-अस्वले वर गेली!

सवाई माधवरावांचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. आमच्या वाचकांच्या ती जिव्हाळ्याची आहे. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोवेकर ख्रिस्ती अधिकारी व शिपाई होते. त्यांच्या उपासनेसाठी १७९२ मध्ये याच पेशव्यांनी शहराच्या पूर्व कडेला जागा दिली आणि तेथे निष्कलंक गर्भसंभव मातेचे चर्च उभे राहिले. तेच आपले नाना पेठेतील सिटी चर्च. आजची इमारत त्यापुढच्या शतकातील आहे, जागा मात्र तीच. चिमाजी आप्पांनी वसई जिंकली १७३९ मध्ये. तेथील चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवळांत टांगल्या गेल्या, हेही आपणांस ठाऊक आहे. त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी त्याच घराण्यातील अठरा वर्षांचा तरुण मिस्साबळीसाठी भूमी देतो. आजोबांनी तळे बांधले. नातवाच्या काळात त्या तळ्यात गणपती बसला आणि तळ्यापासून तासाभराच्याही अंतरात नसलेल्या जागी आपल्या वेदीवर मेणबत्ती लागली. इतिहास एका रंगाने रंगविणाऱ्यांनी ही दोन्ही साले शेजारी शेजारी लिहून पाहावीत.

या अंतरातून चालताना झाडेही आपला इतिहास सांगतात. जुन्या दगडी भिंतीच्या सांध्यात रुजलेले पिंपळ आणि उंबर हे येथले मूळ रहिवासी. चुना सुटला की त्यांचे फावते. त्यांच्यापुढे रस्त्यावर छत्र धरणारा पर्जन्यवृक्ष अमेरिकेचा, गुलमोहर मादागास्करचा. देवळाच्या आवारात आणि आपल्या दफनभूमीत सारख्याच शांतपणे फुले ढाळणारा पांढरा चाफा, तोही समुद्रापलीकडचाच. गुलटेकडीच्या बाजारात पहाटे उतरणारे पेरू, पपया, मिरच्यांची पोती, या साऱ्यांचे पूर्वज पोर्तुगिजांच्या जहाजांच्या काळात अमेरिकेतून आपल्या किनाऱ्यास लागले. आज त्यांना परके म्हणण्याची कोणाची छाती नाही.

परंतु पाण्याकडे परतू. आंबील ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो. पूर्वी तो वस्तीच्या अंगावरून जाई. पेशवाईत त्याचा प्रवाह पर्वतीजवळून पश्चिमेस वळविण्यात आला आणि आता दांडेकर पुलाखालून तो मुठेस मिळतो. इंग्रजी अमदानीत, १८७९ मध्ये पूर्ण झालेल्या खडकवासल्याच्या धरणातून निघालेला मुठेचा उजवा कालवाही पर्वतीच्या पायथ्याने स्वारगेटकडे आला. एक नळ, एक वळविलेला ओढा, एक कालवा, एक बुजविलेले तळे! इतके पाणी ज्या जागेने वागविले, तेथे आपण दोनशे वर्षांत फक्त गाड्यांची वाट पाहावयास शिकलो.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासलाही कोसळले आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. बेघर झालेल्यांपैकी अनेक कुटुंबांना नदीपासून दूर, पर्वतीच्या दक्षिणेस नव्या वसाहतींत जागा मिळाल्या, सहकारनगर त्यांतलेच. नदीपासून ते दूर होते, ओढ्यापासून नव्हते. पात्रावर भिंती आल्या, भराव आले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाच्या वस्तीतले संसार पाण्यात गेले. पुढच्याच वर्षी, २५ सप्टेंबरच्या रात्री, डोंगरावर अतोनात पाऊस झाला आणि आंबील ओढ्याने आपली जुनी रुंदी मागून घेतली. अरण्येश्वर, सहकारनगर, पद्मावती या भागांतून लोंढा घरांत शिरला. त्या एका रात्रीत पुणे शहर व जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. ज्या घरातील आजोबांनी पानशेतचा पूर पाहिला होता, अशा काही घरांतील नातवंडांनी हाही पाहिला. यास केवळ दैव म्हणणे आम्हांस पटत नाही. भुयाराचे छायाचित्र छापून आले तेव्हा सहा महिन्यांपूर्वीच साऱ्या शहराने ते कौतुकाने पाहिले होते. त्यातून कोणत्या पाण्याने कोठे जावयाचे होते, हा प्रश्न थोड्यांनीच विचारला.

सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटला भुयारी मेट्रोही आली. काही महिन्यांपूर्वी रविवारचा मिस्सा आटोपून आम्ही नाना पेठेतून चालत निघालो, स्वारगेट ओलांडले आणि सारसबागेवरून दांडेकर पुलापाशी आलो. खाली काळसर पाण्याची एक बारीक धार, काठाने एरंडाची झुडपे, त्यांत अडकलेल्या पिशव्या. कठड्यापाशी उभ्या असलेल्या दोन मुलांना आम्ही सहज विचारले, "बाळांनो, या ओढ्याचे नाव काय?"

"ओढा कुठला, काका? नाला आहे हा."

शेजारी कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेल्या आजीबाईंनी मान वर केली. "आंबील ओढा म्हणायचं त्याला," त्या म्हणाल्या, आणि जागेवरून न उठता मागच्या भिंतीवर हात उंच करून त्यांनी आम्हांला एक रेघ दाखविली. ती त्यांच्या डोक्याच्या बरीच वर होती.