साष्टी बेटावरची हरवलेली रेल्वे

मुंबईत कुर्ल्याहून कलिन्याकडे जाणारा एक रस्ता आहे, सी.एस.टी. रोड. कोल्हापूरहून रेल्वेने मुंबईला जाणाऱ्याला वाटते की हे नाव छत्रपती शिवाजी टर्मिनसवरून पडले असावे. पण बोरीबंदरच्या स्थानकाला ते नाव 1996 मध्ये मिळाले. रस्त्याचे नाव त्याआधीच्या एका रेल्वेमार्गाची खूण आहे. तो मार्ग म्हणजे सेंट्रल साल्सेट ट्रामवे.

साल्सेट म्हणजे आपले साष्टी बेट. सहासष्ट गावांचे म्हणून साष्टी, अशी त्याच्या नावाची व्युत्पत्ती सांगतात. वांद्रे, अंधेरी, कुर्ला, ठाणे ही सारी ठिकाणे या बेटावरची. भराव आणि पूल यांमुळे हे बेट आहे याचा आज विसर पडतो. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही जी.आय.पी. रेल्वे बेटाच्या पूर्व अंगाने गेली. पश्चिम अंगाने बी.बी. अँड सी.आय. रेल्वे 1864 मध्ये मुंबईत पोचली. दोन्ही मार्ग दक्षिणोत्तर. शिडीचे दोन उभे दांडे तयार झाले, पण आडवी पायरी मात्र नव्हती.

ही पायरी 1928 मध्ये बसवली गेली. जी.आय.पी. रेल्वेने ट्रॉम्बे ते अंधेरी हा सुमारे 13 किलोमीटरचा मार्ग सुरू केला. आग्नेयेकडील ट्रॉम्बेहून निघालेली गाडी चेंबूरवरून कुर्ल्याला येई. पुढे मिठी नदी ओलांडून, कलिन्याच्या बाजूने वायव्येला अंधेरी गाठी. नाव ट्रामवे असले तरी शहरातल्या रस्त्यांवरून धावणारी ती ट्राम नव्हती. ती रेल्वेच होती. 1934 मध्ये, म्हणजे अवघ्या सहा वर्षांत, हा मार्ग बंद झाला.

असे का झाले असावे? रेल्वेच्या खर्चाचे स्वरूप पाहिले की उत्तराची दिशा सापडते. रूळ, पूल, स्थानके आणि कर्मचारी यांचा खर्च गाडीत दहा माणसे असोत की हजार, जवळजवळ तेवढाच असतो. प्रवासी कमी असले की दर माणशी खर्च बेसुमार वाढतो. त्या काळी या मार्गालगत बहुतांशी शेते, खाजणे आणि खेडी होती. आपल्याकडचा मिरज-कोल्हापूर मार्ग 1891 मध्ये सुरू झाला, तेव्हा कोल्हापूर ही संस्थानाची राजधानी आणि नावाजलेली पेठ होती. वाहतूक आधीपासूनच होती, रूळ नंतर आले. साष्टीत रूळ आधी आले.

वाहतूक आली ती रूळ उखडल्यावर. 1950 मध्ये मुंबईची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत वाढली. त्याच दशकात ट्रॉम्बे परिसरात तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले आणि 1956 मध्ये तेथे 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. लाखो माणसे बेटावर पूर्व-पश्चिम प्रवास करू लागली, पण अंधेरीहून सरळ पूर्वेकडे जाणारी गाडी नव्हती. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो धावू लागली ती 2014 मध्ये, म्हणजे जुना मार्ग बंद झाल्यावर तब्बल 80 वर्षांनी! तोपर्यंत या पट्ट्यात इतकी दाट वस्ती झाली होती की मेट्रो खांबांवरून न्यावी लागली.

सारा मार्ग मात्र नष्ट झाला नाही. कुर्ला-चेंबूर हा भाग टिकला. तो हार्बर मार्गाचा भाग बनला आणि पुढे हाच मार्ग 1992 मध्ये ठाण्याची खाडी ओलांडून वाशीला पोचला. कुर्ल्याच्या पश्चिमेला मात्र राहिले ते रस्त्याचे नाव.

तोट्यातला मार्ग बंद करण्याचा हिशेब त्या वर्षापुरता बरोबर असू शकतो. पण रूळ उखडून जमीन एकदा हातची गेली की ती परत मिळवणे फार महाग पडते. गाड्या थांबवणे आणि जमीन सोडून देणे हे दोन वेगळे निर्णय आहेत.

शिक्षकांना यातून एक चांगला उपक्रम घेता येईल. रेल्वेला तीव्र चढ आणि अचानक वळण चालत नाही. म्हणून जुना मार्ग नकाशावर लांबलचक सरळ रेषा आणि मंद वक्र यांवरून ओळखू येतो. आपल्या तालुक्याचा जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना अशा रेषा शोधायला सांगाव्यात. रस्त्यांची आणि वस्त्यांची नावेही विचारायला लावावीत. पुष्कळदा इतिहास नावातच शिल्लक असतो.